प्रज्ञीचा दात आणि नसीमखालाच्या वड्या

दुसऱ्याचा दात पडणार म्हणून सुट्टी मागणारा मी आमच्या बेकरीतला पहिला माणूस. बहुधा शेवटचाही.

बेकरी कोल्हापुरात आणि दात हिंगोली जिल्ह्यात, आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथं. मधे इतक्या एसट्या बदलाव्या लागायच्या की कंडक्टरला मी घरचाच वाटायला लागायचो. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. भट्टीपुढं उभं राहून, पिठाचे हात मागं लपवून मी त्यांना सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दात कुणाचा?"

"लेकीचा."

"मग सुट्टी लेकीला दे की. तू कशाला निघालास?"

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. (मास्तरांचं म्हणणं असं की मी जायच्या आधीच शाळेनं मला सोडलं होतं.) मुद्देसूद बोलायचं म्हटलं की माझं एक वाक्य दुसऱ्यात अडकतं. मी मागं लपवलेले हात पिठासकट पुढं आणून जोडले. अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि सुट्टी दिली. वर टोस्टचा एक मोठा पुडा दिला. त्या माणसाचे उपकार मी आजही विसरलेलो नाही, जरी पुढचं सगळं रामायण त्या पुड्यातूनच निघालं.

खरी गोष्ट अशी होती. दोन हजार सालानंतरचे ते दिवस, आमच्या गावात मोबाइल अजून पोचला नव्हता. शेजारच्या रफीकच्या किराणा दुकानात नाणं टाकायचा फोन होता. मी दर रविवारी फोन करायचो, रफीक पोरीला हाक मारायचा आणि प्रज्ञी पोत्यावर उभी राहून बोलायची. एका रविवारी ती म्हणाली, "पप्पा, माझा दात हलून राहिला. पन मी पाडनार न्हाई. तू आल्यावर पाडीन."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी कळलं की पोरगी एकाच बाजूनं जेवते. त्याच्या पुढच्या रविवारी वंदनानं (म्हणजे माझ्या बायकोनं) फोन घेतला आणि सांगितलं, तुमच्या लेकीनं भाकर सोडली, दुधात कुस्करून दिलं तरच खाते, कुणी तोंडाकडं पाहिलं की ओठ मिटून घेते. दात आता नुसता धाग्यावर आहे आणि पोरगी तो तुमच्यासाठी राखून बसली आहे. काय करायचं ते करा.

त्यानंतर मी रविवारची वाट पाहणं सोडून दिलं. रोज संध्याकाळी फोन लावायचो आणि पोरीला बोलवायच्या आधी रफीककडूनच खबर घ्यायचो. तोही बिचारा गिऱ्हाईक सोडून मला सांगायचा, "है भई, है. अब्बी लटकेला है. तुम नक्को फिकर करो." नक्को फिकर म्हणे! त्या पोरीचं चालणं शिकणं मी पाहिलं नव्हतं. पहिलीत बसली तेव्हा मी भट्टीपुढं पाव काढत होतो. तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट माझ्यासाठी थांबली होती आणि तीही धाग्यावर!

म्हणून गेलो.

फाट्यावर उतरून घरी पोचलो तेव्हा उन्हं नुकती चढत होती. मे महिना. आमचं घर टिनाचं, दोन्हीकडं उताराचं. वाऱ्यानं टिनं उडू नयेत म्हणून वर जागोजाग दगड ठेवलेले. भिंतीला भिंत लावून नसीमखालाचं घर. खाला म्हणजे रफीकची आई. त्यांच्या घरावर दोन वर्षांपूर्वी स्लॅब पडला होता, त्यामुळं उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचं वाळवण त्यांच्याच छतावर. त्या दिवशी पहाटेच माझी माय आणि खाला या दोघींनी मिळून मुगाची डाळ वाटली होती आणि वर धोतर अंथरून ओळीनं मुगवड्या घातल्या होत्या. हट्टा या गावी खालाची लेक दिलेली आहे, तिच्याकडं निम्म्या जायच्या होत्या. वर खाला स्वतः छत्री लावून, हातात काठी घेऊन कावळ्यांवर पहाऱ्याला बसल्या होत्या. हे मला कुणीतरी सांगितलंही होतं. पण माझं लक्ष दाताकडं होतं.

प्रज्ञी पळत आली आणि माझ्या पुढ्यात तोंड वासून उभी राहिली. ना गळ्यात पडली, ना खाऊ मागितला. मी वाकून पाहिलं. खालच्या ओळीत, समोरच, तांदळाच्या दाण्याएवढा दात आडवा होऊन पडला होता.

"पाड," ती म्हणाली.

मी बोट लावलं. दात हलला. मी बोट काढून घेतलं. दुसऱ्यांदा लावलं, तर माझंच बोट दातापेक्षा जास्त हलत होतं. वंदना म्हणाली, दोरा बांधा आणि दाराला लावा. मी म्हटलं, दाराला लेकराचा जबडा लावतात का? माय म्हणाली, तुझा दात तुझ्या बापानं चिमटीत धरून उपटला होता, तू काय मेला न्हाईस. या तिघींच्या सभेत मी घामानं भिजलो. शेवटी ठरलं की मी आधी चहा घ्यावा, जरा जीव शांत करावा आणि मग बघू.

आम्ही मोठी माणसं चहा घेऊन दोरा जाड हवा का बारीक यावर बोलत असताना प्रज्ञीनं टोस्टचा पुडा फोडला. आवाज आला, कर्र. तिनं टोस्ट तोंडातून बाहेर काढून आमच्यापुढं धरला. टोस्टच्या कडेला, रोवल्यासारखा, दात उभा!

ज्या लेकराचा दात हलतोय त्याला बाप कोल्हापुराहून टोस्ट घेऊन येतो, यावर माय नंतर बरेच दिवस बोलली. पण त्या घटकेला सगळे खूश होते. प्रज्ञी तर पडलेल्या दाताच्या खिडकीतून सारखी जीभ बाहेर काढून दाखवत होती. मीही खूश होतो. दात माझ्या समोर पडला होता, माझ्याच भट्टीतल्या टोस्टनं पाडला होता. इथंच मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

आता दात घरावर फेकायचा. आमच्याकडं लेकराचा पहिला दात आपल्या घरावर टाकतात आणि उंदराला सांगतात, माझा जुना घे, तुझा नवा दे. उंदीर रात्री येऊन तो घेऊन जातो आणि त्याच्यासारखा बारीक, धारदार दात देतो. मी मायला चिडवलं, तू तर बुद्धविहारात बायांना सांगत फिरतीस की असलं काही मानायचं न्हाई म्हणून. ती जराही न डगमगता म्हणाली, "आपन नवस सोडले, उपास सोडले. उंदीर न्हाई सोडला."

अंगणात उभं राहून मी दात घेतला, प्रज्ञीनं उंदराला निरोप सांगितला आणि मी फेकला. टिनावर आवाज झाला, टिंग. मग घर्रर्र. मग दात उतारावरून घरंगळत आला आणि माझ्या पायाशी पडला.

पुन्हा फेकला. टिंग, घर्रर्र, टप.

तिसऱ्यांदा जरा वर फेकला. तो जरा वरून परत आला.

तोवर गल्लीतली माणसं कडेला जमली होती आणि प्रत्येकाकडं एक सल्ला होता. एक म्हणाला, पाठमोरं होऊन फेका. दुसऱ्यानं सांगितलं, डाव्या हातानं. पण प्रज्ञीचं तोंड उतरलं होतं. तिनं माझा सदरा ओढला आणि हळूच विचारलं, "पप्पा, उंदीर काहून घेईना? त्याला माझा दात आवडला न्हाई का?"

हे ऐकल्यावर माझं काळीज टिनावरून घरंगळत खाली आलं. लेकरानं महिनाभर दुधातली भाकर खाऊन दात राखला आणि मला तो साधा फेकता येईना!

मायनं सांगितलं, पूर्वी शेणाच्या गोळ्यात घालून फेकायचे, मग तो चिकटून बसायचा. पण शेण आणायचं कुठून? गल्लीत म्हैस राहिलेली नव्हती. रफीकच्या दोन शेळ्या होत्या, पण तो विषय निघताच मायनं डोळे मोठे केले. लेंड्यांत लेकराचा दात? तेवढ्यात माझं लक्ष ओट्यावरच्या पातेल्याकडं गेलं. पहाटेचं मुगाचं वाटण कडेला लागून राहिलं होतं. घट्ट, चिकट, शेणापेक्षा बरं आणि वासालाही उत्तम. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. (माझ्या डोक्यात उजेड पडला की घरातल्यांनी सावध व्हावं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.)

बेकरीत इतकी वर्षं मी काय करत होतो? गोळे! मी बोटानं वाटण निपटलं, मधे दात ठेवला, तळहातावर फिरवला आणि असा देखणा गोळा केला की कडेला उभ्या असलेल्या बायासुद्धा वा म्हणाल्या. या वेळी उंदराला नाही म्हणायची सोय ठेवायची नाही, असं ठरवून मी चार पावलं मागं गेलो, धावत आलो आणि सगळा जोर लावून फेकला.

आवाज आला नाही.

टिंग नाही, घर्रर्र नाही, काहीच नाही. आम्ही सगळे माना वर करून वाट पाहत राहिलो. मी म्हटलं, चिकटला बघा! माझ्या मागून वंदनाचा आवाज आला. ती अगदी शांतपणे म्हणाली, "अवो, तो टिनाच्या पल्याड गेला."

टिनाच्या पल्याड काय होतं ते मायला आधी कळलं. तिनं तोंडावर पदर धरला. मग मला कळलं. मुगाच्या वाटणाचा, वडीएवढा, वडीसारखा गोळा मी मुगवड्यांत फेकला होता.

आम्ही सगळे खालाच्या जिन्यानं वर पळालो. खाला छत्रीखाली काठी घेऊन बसल्या होत्या. समोर धोतरावर वड्याच वड्या, त्याही तेवढ्याच गोल आणि तशाच ओल्या. मी विचारलं, खाला, आत्ता इथं काही पडलं का? खाला आमच्याशी एरवी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की त्यांची बोली बदलायची. "पच करके आवाज आया. मैं समझी कव्वे ने कुछ डाल्या. क्या फेक्या रे तू?"

मी सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. खालांनी माझ्याकडं पाहिलं. मग वड्यांकडं. मग म्हणाल्या, आवाज त्या कोपऱ्यातून आला, पक्का कुठून ते ठाऊक नाही, मी कावळ्यांवर लक्ष ठेवू की तुझ्या गोळ्यावर?

मी म्हटलं, काळजी करू नका, मी माझा गोळा ओळखतो. शेवटी हातातली कला आहे. मी कोपऱ्यात बसलो, नीट निरखलं आणि सगळ्यात देखणी वडी उचलून म्हणालो, हीच. फोडली. आत मूग. मग दुसरी, हीच. मूग. तिसरी फोडल्यावर माय मागून म्हणाली, ती मी घातलेली हाय, अन् तुझ्याहून बरी घातली होती. चौथ्या वडीला हात घातला तेव्हा खालांची काठी माझ्या मनगटावर येऊन बसली.

आता प्रज्ञी मुसमुसायला लागली. वंदनानं जवळ घेतलं तर तिनं जे सांगितलं ते ऐकून आम्ही सगळे गार पडलो. दात आपल्या घरावर पडायला पाहिजे होता. तो पडला खालाच्या घरावर. म्हणजे उंदीर नवा दात घेऊन कुणाकडं जाणार? खालाकडं!

सगळ्यांनी खालाकडं पाहिलं. खालाला समोरचे दात नव्हतेच. म्हणजे जागाही मोकळी!

खालांचा राग कुठल्या कुठं गेला. त्या इतक्या हसल्या की छत्री कलंडली. "आने दे बेटा," त्या म्हणाल्या, "मेरेकू बहुत जरूरत है." हे त्यांनी लाडानं म्हटलं, पण प्रज्ञीला ते कराराच्या सहीसारखं वाटलं. तिचा बांध फुटला. आणि सगळे तिला समजावत असताना, पहारेकऱ्याची काठी माझ्या मनगटावर आणि लक्ष पोरीवर असताना, एक कावळा आला, कोपऱ्यातली एक वडी उचलली आणि विहाराच्या दिशेनं उडून गेला.

प्रज्ञीनं रडणं थांबवून कावळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि मग जो काही सूर लावला तो फोन न लावता कोल्हापूरला ऐकू गेला असता. मी कावळ्यामागं जायला निघालो. वंदनानं सदरा धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला परतीची गाडी धरायची होती. मला दिसू लागलं की मी भट्टीपुढं उभा आहे आणि इकडं माझी लेक आयुष्यभर बोळक्या तोंडानं फिरते आहे, लग्नातसुद्धा ओठ मिटून, आणि लोक सांगताहेत की हिच्या बापानं कोल्हापुराहून खास येऊन हिचं हे असं करून ठेवलं. मी तिथंच, तापल्या स्लॅबवर, बूड टेकून बसलो. (लगेच उठलो. स्लॅब फार तापला होता.)

मी मायला म्हटलं की वाळू द्या, वाळल्या की हलवून बघू. माय म्हणाली, वाळल्यावर वडीचा दगड होतो, दात आत चिणून बसला तर कळायचं कसं? वंदना म्हणाली, एकेक दाबून बघू. पण वड्या दुसऱ्याच्या, त्यातल्या निम्म्या हट्ट्याला जायच्या. दाबलेल्या, बोटं घातलेल्या वड्या लेकीच्या सासरी कोण पाठवतं? मी मान खाली घालून खालांना म्हटलं की राहू द्या, चूक माझी आहे, पोरगी दोन दिवस रडेल आणि विसरेल.

खाला उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी प्रज्ञीच्या डोक्यावर हात ठेवला.

"वडी फिर बनती," त्या म्हणाल्या. "बच्ची का पहिला दात दोबारा नै गिरता. उठाव पूरा कोना. तलते."

तो अख्खा कोपरा सुपात उचलला गेला. वड्या बाहेरून सुकल्या होत्या, आत अजून ओल्या होत्या. खालांनी अंगणात चूल पेटवली, कढई चढवली आणि वड्यांची भजी व्हायला लागली. वाटणात लसूण आणि हिरवी मिरची होतीच. वास गल्लीभर गेला आणि अंगणात ज्यांना दाताशी काही देणंघेणं नव्हतं तेही येऊन बसले.

मग वंदनानं नियम सांगितले. कुणीही गिळायच्या आधी नीट चावायचं. काही कडक लागलं तर लगेच थांबायचं आणि तोंडातलं ताटलीत काढायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. ज्याला मिळेल त्यानं ओरडायचं. पंगत बसली. मी कितीतरी लग्नांत, तेराव्यांत जेवलो आहे, पण इतक्या गंभीर चेहऱ्यानं जेवणारी माणसं पाहिली नाहीत. सगळे डोळे मिटून, जबडा हळूहळू हलवत, कान आपल्याच तोंडाकडं लावून. रफीक दुकान बंद करून आला होता. त्यानं मधेच हात वर केला. सगळे उठून उभे राहिले. डाळीतला खडा निघाला. सगळे खाली बसले.

खाला खात नव्हत्या. त्या म्हणाल्या, मला सापडला तर पोरगी म्हणेल, खालानं माझा दात ठेवून घेतला.

प्रज्ञी माझ्या मांडीला लागून बसली होती आणि प्रत्येकाच्या तोंडाकडं आलटून पालटून बघत होती. मला खरं सांगायचं तर प्रवासात काही खाल्लं नव्हतं, सकाळच्या चहाच्या वेळी दोऱ्याची चर्चा चालू होती आणि भजी झकास झाली होती. घाबरलो की मला जास्त भूक लागते. नियम माझ्यासाठीच केले होते आणि मीच दोन-दोन भजी एकदम तोंडात टाकत होतो.

कट्ट!

इतका मोठा आवाज झाला की कढईपाशी बसलेल्या खालांनी वळून पाहिलं. मी हात वर केला. तोंडात काहीतरी कडक होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदानं म्हणा. मी ते बोटांनी बाहेर काढलं आणि उंच धरलं. "सापडला!"

अंगणात एकच गलका झाला. रफीकनं माझ्या पाठीत धपाटा घातला. माय डोळे पुसायला लागली. प्रज्ञीनं माझा हात खाली ओढला, माझ्या चिमटीतली वस्तू घेतली, उलटीपालटी केली आणि परत माझ्या तळहातावर ठेवली.

"ह्यो माझा न्हाई," ती म्हणाली. "ह्यो कुन्या म्हाताऱ्याचा हाय."

मी पाहिलं. मोठा, पिवळा, एका बाजूला तंबाखूची काळी रेघ. मी जीभ फिरवली. डाव्या बाजूला, जिथं सकाळपर्यंत दाढ होती, तिथं आता मोकळं मैदान होतं.

गल्ली हसण्यावरची बंदी विसरली. लोक अक्षरशः लोळले. मी मात्र दाढेच्या तुकड्याकडं बघत विचार करत होतो, मूग खाऊन दाढ तुटत नाही. ती तुटली कशावर? वंदनालाही तेच सुचलं. तिनं माझ्या पुढची ताटली ओढली, मी थुंकलेलं सगळं बोटानं चाचपलं (बायको असावी तर अशी!) आणि त्यातून मुरमुऱ्याएवढा पांढरा दाणा वेचून पाण्यात खळखळला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. माझी दाढ गेली, पण माझ्या लेकीच्या दाताला ओरखडासुद्धा आला नाही!

प्रज्ञी तो मुठीत घट्ट धरून हसली. मधल्या खिडकीतून जीभ दिसली. त्या हसण्यासाठी मी उरलेल्या दाढाही दिल्या असत्या.

आता पुन्हा फेकायची वेळ आली तेव्हा मी नुसता हात पुढं केला आणि माय, वंदना, खाला, रफीक, सगळे एकदम नाही म्हणाले. मग खाला प्रज्ञीला घेऊन वर गेल्या. आम्हीही गेलो. खालांनी छताच्या कडेला उभं राहून खाली बोट दाखवलं. आमचं टिन तिथून हाताच्या अंतरावर होतं, म्हणजे सकाळपासून तसंच होतं. मी धावत येऊन, जोर लावून जे करत होतो ते इथून वाकून करता येत होतं. प्रज्ञीला मी कमरेला धरलं, तिनं वाकून टिनावरच्या एका दगडाखाली दात सरकवला आणि उंदराला पुन्हा पहिल्यापासून निरोप सांगितला. मग मागं वळून हात पुढं केला.

"तुझा बी दे."

मी दाढेचा तुकडा दिला. तिनं तोही त्याच दगडाखाली, आपल्या दाताशेजारी ठेवला. "उंदीरमामा, ह्यो माझ्या पप्पाचा. जुना हाय, पन घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका बाजूला गाल सुजवून गाडीत बसलो. प्रज्ञी फाट्यापर्यंत आली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तोंड वासून खिडकी दाखवत होती. कोल्हापुरात बेकरीत पोचलो तेव्हा अण्णांनी मला पाहिलं आणि विचारलं, काय रे, दात पोरीचा पडणार होता ना? मी सगळं सांगितलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्या दिवशी मला भट्टीपासून लांब, पुड्या बांधायला बसवलं आणि दुपारी मऊ पाव दुधात घालून माझ्यापुढं ठेवला.

पावसाळ्यात एका रविवारी रफीकनं फोन उचलला तो हसतच. "लो, तुम्हारी बेटी से सुनो." पोत्यावर चढल्याचा आवाज आला.

"पप्पा, आला! टोचतो बी. खालाला दाखवला, ती म्हनली लई भारी." मग जरा थांबून, "तुझा आला का?"

मी इकडं जीभ फिरवली. "न्हाई अजून."

मग ती मला समजावायला लागली, जसं मी तिला समजवायचो तसं. "येईल पप्पा. रडू नको. उंदीर आधी लहान लेकरायचे देतो. मंग मोठ्यायचा नंबर लागतो."

आता प्रज्ञी नांदेडला नर्सिंग शिकते आहे. सगळे दात जागच्या जागी आहेत. गेल्या वर्षी दुसरी बाजू दुखायला लागली म्हणून मी कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी डाव्या बाजूची मोकळी जागा पाहिली आणि म्हणाले, इथं खोटी दाढ बसवून टाकू, तासाभराचं काम आहे. मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, पण शिकलेल्या माणसाला ते कसं सांगणार? इतकी वर्षं थांबलो, लाईन हळूहळू पुढं सरकत असणार. न जाणो, उद्या माझा नंबर लागला, उंदीर दाढ घेऊन एवढ्या लांब कोल्हापूरला आला आणि जागा भरलेली पाहून परत गेला तर!